शेपटी कशी हलत होती?

पहाटे साडेपाचला मोत्या पलंगाशी येऊन उभा राहिला. भुंकला नाही. मुधोळ जातीचा कुत्रा उगाच भुंकत नाही. त्याने आपले लांबट, गार नाक काकूंच्या कोपराला टेकवले आणि तो वाट पाहत राहिला. बाहेर वारा सुटला होता. गच्चीवरचा पत्रा खडखडत होता, नारळाच्या झावळ्या एकमेकींवर आपटत होत्या आणि खिडकीच्या फटीतून येणारी हवा अशी बोचरी, की पांघरुणातून हात बाहेर काढू नये.

"आलेच रे बाबा!" काकू पुटपुटल्या आणि शेजारच्या पलंगाकडे त्यांनी पाहिले. काका जागे होते. भिंतीकडे तोंड करून पडले होते, पण जागे होते. जागे असूनही झोपेचे सोंग घेण्याची ही सवय त्यांना गेल्या तीन महिन्यांतच लागली होती.

तो रविवार होता, ११ डिसेंबर २०२२. शुक्रवारी रात्री 'मंदोस' चक्रीवादळ चेन्नईच्या दक्षिणेला महाबलीपुरमजवळ किनाऱ्याला लागले होते. तिथून बंगळूर सुमारे तीनशे किलोमीटर आत. वादळाचा जोर जमिनीवर येताच ओसरला, पण त्याचे ढग आणि वारा पठारावर चढून आले. दोन दिवस सूर्याचे दर्शन नव्हते. मधूनच भुरभुर, मधूनच वाऱ्याचा झोत.

बंगळूरची थंडी ती काय, असे निफाडचा वाचक म्हणेल. त्याचे खरे आहे. शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून उंच असले तरी डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा साधारण १५-१६ अंशांवरच असतो. इथला आजवरचा नीचांक ७.८ अंश आणि तोही १३ जानेवारी १८८४ चा! पण बंगळूरच्या माणसाची थंडी अंशांत मोजता येत नाही. घरांना उष्णता धरून ठेवण्याची सवय नाही, फरशी गार, आणि ऊन लपले की ओलसर वारा सरळ हाडांत शिरतो. काकूंनी पायांत मोजे चढवले, काकांची कानटोपी डोक्यावर ओढली, साडीवर काकांचाच जाड कोट घातला. आरशात पाहिले असते तर त्यांना स्वतःचेच हसू आले असते. त्यांनी पाहिले नाही.

मग मोत्याचा अंगरखा. मुधोळ कुत्र्याच्या अंगावर लोकर अशी नसतेच. पातळ कातडी, आखूड केस, आत गेलेले पोट आणि मोजून घ्याव्यात अशा बरगड्या. शेजारी अजूनही विचारतात, "तुम्ही याला खायला घालत नाही का हो?" नोव्हेंबरात तो पहाटे कुडकुडायला लागला तेव्हा काकूंनी काकांचा जुना मरून स्वेटर काढला, बाह्या कापून त्यातून मोत्याचे पुढचे पाय काढले आणि पोटाखाली दोन बंद शिवले. याच बाई आठ वर्षांपूर्वी "कुत्रं घरात आलं तर मी जतला माहेरी जाईन" असे म्हणाल्या होत्या.

इमारतीतले सगळे त्यांना काकू म्हणतात आणि त्यांच्या यजमानांना काका. इथेही तेवढे पुरे. काका जत तालुक्यातल्याच एका खेड्यातले. १९८४ साली एका सरकारी कारखान्यात नोकरीला लागून बंगळूरला आले आणि निवृत्तीनंतर वसंतनगरच्या छोट्या फ्लॅटमध्ये कायमचे राहिले. मुलगा परदेशात. लहानपणी धनगरांच्या तांड्याबरोबर चालणारे हे उंच, सडपातळ शिकारी कुत्रे काकांनी पाहिले होते. निवृत्तीच्या वर्षी गावाकडच्या भाच्याने दोन महिन्यांचे पिल्लू आणून दिले. काकूंनी विरोध करताना इतिहासाचाही आधार घेतला होता. "मुधोळच्या बाजी घोरपड्यानं शहाजीराजांना कैद करवलं. त्या गावचं कुत्रं माझ्या दारात नको!" काका हसून म्हणाले, "अगं, त्याच मुधोळच्या राजांनी पुढं ही जात सांभाळली. मालोजीराव घोरपड्यांनी इंग्लंडच्या राजाला, पंचम जॉर्जला, जोडी भेट दिली होती. आपण तर फुकट आणलंय." पुढे २००५ सालचे मुधोळ कुत्र्याचे टपाल तिकीटही त्यांनी कुठून तरी मिळवून कपाटाच्या काचेला आतून चिकटवले. काकूंचा राग बरेच दिवस टिकला. राग कसला, भीतीच ती. लहानपणी त्यांना गल्लीतला कुत्रा चावला होता आणि तेव्हा पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत.

त्यामुळे मोत्याला फिरवणे हे काकांचे काम. रोज सहाला दोघे निघत. क्वीन्स रोडने मिन्स्क चौकापर्यंत आणि चौक ओलांडला की कब्बन पार्क. साडेसातला परत. काकांच्या खिशात एक वही असे. १९९१ सालापासून पार्कात दिसलेला प्रत्येक पक्षी, प्राणी त्यांनी त्या वह्यांत टिपलेला. सालिम अलींचे पुस्तक जीर्ण झालेले, मारुती चितमपल्लींची पुस्तके शेजारी. वह्या सात झाल्या होत्या. सातवीतली शेवटची नोंद सप्टेंबरातली होती.

सप्टेंबरातल्या त्या सकाळी बांबूच्या बेटाजवळच्या बाकावर काकांना दरदरून घाम फुटला. डाव्या हातात कळ आली, जबडा आवळला. ते बाकावर आडवे झाले. मोत्या समोर उभा राहिला आणि कुणालाच जवळ येऊ देईना. धावत आलेल्या माणसांवर त्याने दात काढले. दोन-तीन मिनिटे गेली. दोन-तीन मिनिटेच, पण अशा वेळी ती किती असतात ते ज्याने भोगले त्यालाच कळते. शेवटी रोज भेटणाऱ्या एका माळ्याने पट्टा धरला, मोत्याला बाजूला ओढले आणि माणसांनी काकांना उचलले. अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसले, जीव वाचला.

मुलाने फोनवर सांगितले, "आई, कुत्रा देऊन टाका. बाबांना आता झेपणार नाही आणि तुला तर त्याची भीती वाटते." भाच्याने जतजवळच्या मळ्यात नेण्याची तयारी दाखवली. संक्रांत झाली की गाडी घेऊन येतो, म्हणाला. मुलाचे चुकत होते असे नाही. काकांना विचारले तर ते म्हणाले, "बरं." एवढेच. जो माणूस मोत्याच्या ताटातल्या भाकरीवरून भांडायचा, तो "बरं" म्हणाला आणि भिंतीकडे वळला. काकूंना हृदयविकारापेक्षा या "बरं"चीच धास्ती जास्त वाटली.

डॉक्टरांनी चालायला सांगितले होते. आधी दहा मिनिटे, मग पंधरा, हळूहळू वाढवत न्या. मात्र पहाटेच्या गार वाऱ्यात नको, थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हृदयाला दुप्पट कष्ट पडतात, ऊन वर आल्यावर जा. काकांनी त्यातले "थंडीत नको" एवढेच धरून ठेवले. ऊन पडले तरी ते दिवाणखान्यातून बाल्कनीपर्यंत जात आणि परत येत.

संक्रांतीपर्यंत कुत्र्याला फिरवणार कोण? अशा रीतीने वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी काकूंच्या हाती पट्टा आला.

पहिले आठ दिवस त्यांनी पट्टा असा धरला होता जणू त्याच्या दुसऱ्या टोकाला वाघ आहे. पण मोत्याने कधी ओढले नाही. तो त्यांच्या चालीने चाले, चौकात थांबे. त्याची एकच खोड होती. काही हलताना दिसले की तो जागच्या जागी दगड होई. बहुतेक कुत्रे नाकाने जग ओळखतात. मुधोळ डोळ्यांनी शिकार करणारा. शंभर पावलांवरच्या गवतात पाते हलले तरी त्याची मान ताठ. मग एक पुढचा पाय उचललेला, कान मागे आणि सगळे अंग धनुष्याच्या दोरीसारखे. म्हणूनच त्याला पार्कात मोकळे सोडायचे नाही. नियम तर आहेच, पण एकदा सुटला की तो कुणाच्या बापाला सापडायचा नाही.

काका पूर्वी सांगत, "मोत्याच्या नाकाच्या रेषेत पाहा, काही तरी दिसतंच." तेव्हा काकूंना ती बढाई वाटे. नोव्हेंबरात एकदा मोत्या थबकला तशा त्याही थबकल्या आणि त्याच्या नाकाच्या रेषेत पाहिले. पर्जन्यवृक्षाच्या ढोलीतून दोन पिंगळे त्यांच्याकडे टक लावून पाहत होते. वाटोळे डोळे, कपाळावर पांढऱ्या भुवया, अगदी रागावलेल्या हेडमास्तरांसारखे! काकूंनी घरी येऊन ते सांगितले. काका "हं" म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी चहा गार होऊ दिला नाही.

त्यानंतर काकू रोज काही ना काही घेऊन येऊ लागल्या. आज मुंगूस रस्ता ओलांडून गेले. आज तळ्याच्या काठावर पिवळ्या पोटाचा एक पक्षी होता, सारखी शेपटी वर-खाली करत होता. "करडा धोबी," काका भिंतीला सांगत. "हिमालयाकडून येतो. हिवाळाभर राहतो." आज झुडपाच्या शेंड्यावर डोळ्यांना काळी पट्टी बांधलेला तपकिरी पक्षी कर्कश ओरडत होता. "खाटीक. तोही पाहुणाच." दोन शब्द, तीन शब्द. काकू ते शब्द रेशनच्या साखरेसारखे जपून आणत.

एके दिवशी काहीच दिसले नाही. घरी जाऊन सांगायचे काय? काकूंनी आठवेल तो पक्षी ठोकून दिला. "आज धनेश पाहिला. ही एवढी चोच!" काकांनी पहिल्यांदा मान वळवली. "कुठं?" "सिल्व्हर ओकवर." "किती वाजता? कशावर बसला होता? काय खात होता?" काकूंना उत्तरे देता येईनात. काकांनी त्यांच्याकडे नीट पाहिले आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केले. "माझ्यासाठी खोटं बोलू नकोस," एवढेच म्हणाले. त्यानंतर चार दिवस "हं" सुद्धा मिळाले नाही. पाहणाऱ्याच्या वहीत खोटी नोंद झाली की सगळी वहीच बाद होते, हे काकूंना कुणी सांगितले नव्हते.

अशा सगळ्या पार्श्वभूमीवर तो ११ डिसेंबरचा रविवार.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. चौकातल्या चहाच्या टपरीवाल्याने शाल तोंडाभोवती गुंडाळली होती. "तुंबा चळी, अम्मा," तो म्हणाला. फार थंडी! काकूंनी मान डोलावली, कारण बोलायला तोंड उघडले तर वारा आत जात होता.

एरवी रविवारी कब्बन पार्कात जत्रा असते. पार्कातून जाणारे रस्ते त्या दिवशी वाहनांना बंद. सायकली, धावणारे, पुस्तक घेऊन गवतावर बसणारे आणि कुत्रे! लाब्रादोर, पामेरियन, एखादा भला मोठा जर्मन शेफर्ड, सगळे आपापल्या माणसांना घेऊन. त्याच वर्षी उन्हाळ्यात कुत्र्यांना पार्कात बंदी घालण्याचा विचार पुढे आला होता. काही जण पट्टे सोडतात, घाण उचलत नाहीत, अशा तक्रारी होत्या. मग श्वानप्रेमींनी आवाज उठवला आणि बेत बारगळला. तक्रार करणाऱ्यांचे अगदीच चूक नव्हते. काकू स्वतः रोज जुन्या वर्तमानपत्राच्या घड्या घेऊन निघतात आणि न उचलणाऱ्याला कन्नडमधून दोन शब्द सुनावतात. अडतीस वर्षांत भाषा तेवढी पक्की झाली आहे.

त्या सकाळी मात्र सुनवायलाही कुणी नव्हते. झाडेच तेवढी होती, आणि ती बोलत होती. सिल्व्हर ओकची पाने वाऱ्याने उलटी होऊन चंदेरी दिसत होती. गुलाबी टॅबेबुयाची फुले ओल्या वाटेवर पडली होती. हे पार्क १८७० सालचे. म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता रिचर्ड सँकी यांनी ते आखले. आधी मीड साहेबाचे नाव, मग कब्बन साहेबाचे, १९२७ पासून सरकारदरबारी चामराजेंद्र पार्क. लोक मात्र मधलेच नाव धरून बसले आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्रुंबिगल नावाच्या जर्मन उद्यानतज्ज्ञाने बंगळूरमध्ये अशी झाडे लावायचा ध्यास घेतला की एकाचा बहर संपला की दुसऱ्याचा सुरू व्हावा. त्यामुळे ऐन डिसेंबरातही इथे कुठे ना कुठे रंग असतो. समोर लाल रंगाची उच्च न्यायालयाची इमारत. १८६८ साली बांधून झालेल्या या इमारतीत सरकारची अठरा खाती होती म्हणून तिचे नाव 'अट्टारा कचेरी'. मराठी माणसाला या नावाचा अर्थ विचारावा लागत नाही.

वाऱ्याच्या दिवशी प्राणी दिसत नाहीत, असे काकूंना वाटे. तसे नव्हते. ते असतात, पण जागा बदलतात. एरवी आभाळात गिरक्या घेणाऱ्या घारी त्या दिवशी मान खांद्यात घालून फांद्यांवर बसल्या होत्या. ऊन नाही, म्हणजे जमीन तापत नाही. जमीन तापली नाही की वर चढणारी गरम हवा नाही, मग घारीने कशाच्या जोरावर तरंगायचे? एका घारीची पिसे वाऱ्याने उलटी होत होती आणि ती दर वेळी तोंड वाऱ्याकडे वळवून बसत होती. खारी झाडांच्या आडबाजूला, खोडाला चिकटलेल्या. एका पानाखाली फुलपाखरू पंख मिटून लटकले होते. काकूंनी बोट लावले तरी उडाले नाही. त्यांना वाटले मेले. मेले नव्हते, अंगात ऊब आल्याशिवाय त्याचे पंख चालत नाहीत. कुंपणाच्या दगडावर एक सरडा तसाच, काळपट, ताठर, डोळा तेवढा फिरवणारा. पार्कातल्या भटक्या कुत्र्यांनी वाळक्या पानांच्या ढिगात स्वतःला गुंडाळून घेतले होते. मोत्याने मरून स्वेटरमधून त्यांच्याकडे जरा मोठेपणानेच पाहिले.

पिंगळ्यांच्या ढोलीकडे काकूंनी मुद्दाम वाट वाकडी केली. दोघे आत होते, एकमेकांना अगदी खेटून. एकाचा डोळा उघडा, दुसऱ्याचे दोन्ही मिटलेले. काकू तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या. घरी पलंग दोन आहेत आणि मध्ये औषधांचे टेबल.

परत फिरायचे तर मोत्या हटून बसला. त्याला बांबूच्या बेटाकडे जायचे होते. हे रोजचेच होते. गेले तीन महिने तो त्या वळणाशी रोज थांबे, त्या बाकाकडे पाही, आणि काकू रोज पट्टा ओढून त्याला दुसऱ्या वाटेने नेत. तो बाक त्यांनी पाहिलेला नव्हता आणि पाहायचाही नव्हता. त्या दिवशी ओढायला हातात जोर राहिला नव्हता. बोटे बधिर झाली होती. "चल बाबा, घे मनासारखं करून," त्या म्हणाल्या.

बांबूच्या आड वारा एकदम पडला. बाहेर एवढा घोंगाट आणि इथे, बेटाच्या पोटात, नुसती बांबूंची करकर. बाक साधा होता, सिमेंटचा, ओला. मोत्या त्याच्यापाशी गेला, त्याने तो हुंगला आणि समोर उभा राहिला. तोंड वाटेकडे, पाठ बाकाकडे. सप्टेंबरात तो असाच उभा राहिला असणार. काकूंनी कोटाच्या बाहीने बाक पुसला आणि त्या बसल्या. रडायला आले की नाही हे त्यांनी कुणाला सांगितलेले नाही.

मग मोत्या दगड झाला. पुढचा पाय वर. काकूंनी पट्टा मनगटाला गुंडाळला आणि त्याच्या नाकाच्या रेषेत पाहिले. आधी काहीच दिसेना. वाळकी पाने, ओली माती. मग पानांतले एक पान चालायला लागले. चिमणीपेक्षा किंचित लांब असा पक्षी. पाठ मातकट, पंखांवर फिकट पिवळसर पट्टे, पोट पांढरे. पाने उलटवत, मधूनच काही टिपत तो अगदी निवांत चालला होता. दहा पावलांवर शिकारी कुत्रा उभा आहे याची त्याला फिकीर नव्हती. काकूंनी श्वास धरून ठेवला. या वेळी त्यांनी ठरवले होते की सगळे लक्षात ठेवायचे. कुठे बसतो, काय खातो, किती वाजले. सात वाजून दहा मिनिटे.

घरी आल्यावर त्यांनी कोटही काढला नाही.

"अहो, ऐका. खोटं नाही सांगत. एक पक्षी पाहिला. जमिनीवर, पाल्यात चालत होता."

काका गप्प.

"छातीवर दोन काळे पट्टे. जसं दुपदरी मंगळसूत्र. वरचा पदर गळ्याशी, खालचा जरा तुटक."

"धोबीच असेल," काका म्हणाले. "पांढरा धोबी. कुठंही दिसतो."

"धोबी मी पाहिलाय की, तळ्यावर! हा तसा नाही."

बराच वेळ काही नाही. मग काका उठून बसले. भिंतीला पाठ, तोंड काकूंकडे. "शेपटी कशी हलत होती?"

काकूंनी उजवा हात पुढे केला. "तो तळ्यावरचा अशी हलवतो, वर-खाली. हो-हो म्हटल्यासारखी. हा अशी... आडवी. आपण नाही-नाही म्हणताना मान हलवतो ना, तशी. आणि नुसती शेपटी नाही हो, मागचं सगळं अंगच डोलवत होता."

काकांनी त्यांच्या हाताकडे पाहिले. तो हात पुन्हा हलवायला लावला. मग पलंगावरून पाय खाली सोडले, कपाटापर्यंत गेले आणि सालिम अलींचे पुस्तक काढले. पाने उलटताना त्यांचा हात कापत होता. "हा?" काकूंनी चित्र पाहिले. "हाच."

"रानातला धोबी," काका म्हणाले. "सगळे धोबी शेपटी वर-खाली हलवतात. हा एकटाच आडवी हलवतो. चीन, कोरिया, सैबेरियाच्या पूर्वेला अंडी घालतो आणि हिवाळ्याला इकडं दक्षिणेत येतो. झाडीतच राहतो, म्हणून दिसत नाही. एकतीस वर्षं झाली, मला पार्कात एकदाही दिसला नाही." मग थांबून त्यांनी विचारले, "कुठं होता?"

हा प्रश्न येणार हे काकूंना माहीत होते. "तुमच्या बाकासमोर," त्या म्हणाल्या. "बांबूच्या बेटात. मोत्यानं नेलं."

घरात फक्त पत्र्याचा खडखडाट ऐकू येत होता. मोत्या स्वेटरसकट काकांच्या पायाशी येऊन बसला होता. काकांनी त्याच्या पाठीचा ओला बंद सोडला. मग तोंड उघडले ते एकदम सगळेच बोलायला. त्या दिवशी तो मला कुणाला शिवू देत नव्हता ते मी पाहत होतो. मला वाटलं, याच्यामुळेच मी मरणार. आणि मग वाटलं, मी गेलो तर हा इथंच उभा राहील, हलणार नाही. दोन्ही एकदम वाटलं. त्यानंतर त्याच्याकडं पाहवेना. त्या बाकाचं नाव काढलं तरी छातीत धडधडतं. काकूंनी मध्ये एकही शब्द घातला नाही. चहा उकळून आटला.

वही काढली गेली. काकांनी पेन उघडले आणि काकूंपुढे सरकवले. "तू लिही. ज्यानं पाहिलं त्यानंच लिहायचं." काकूंनी तारीख घातली, वेळ घातली, 'वारा फार, ऊन नाही' असे लिहिले. जागेच्या रकान्यात त्यांचे पेन अडले. काकांनी सांगितले, "लिही. बांबूजवळचा बाक."

संक्रांतीला भाच्याचा फोन आला, गाडी केव्हा आणू? फोन काकांनी घेतला. तिळगूळ घ्यायला ये, म्हणाले, पण गाडी रिकामीच जाईल. मुलाला हे पटले नाही आणि पुढचे दोन रविवार व्हिडिओवर त्याबद्दल वाद झाला. वाद अजून पुरता मिटलेला नाही. भाकरी कुणी घालायची, पाऊस असेल तेव्हा कुणी न्यायचे, काका पुन्हा आजारी पडले तर काय, हे प्रश्न खरेच आहेत आणि त्यांची सगळी उत्तरे काकूंकडे नाहीत. माळ्याचा फोन नंबर मात्र आता दोघांच्याही फोनमध्ये आहे आणि मोत्याला त्याच्या हाताची सवय व्हावी म्हणून तो रोज पाच मिनिटे पट्टा धरतो.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी नऊ वाजता, ऊन चांगले वर आल्यावर, तिघे निघाले. मिन्स्क चौकापर्यंत रिक्षा, पुढे पायी. काका वीस पावले चालत, थांबत, मनगटावर नाडी पाहत. आभाळ स्वच्छ होते आणि घारी पुन्हा उंच चढल्या होत्या. वळणाशी आल्यावर मोत्या नेहमीसारखा थांबला. काकाही थांबले. काकूंनी काही विचारले नाही. त्यांनी बाक पुसून घेतला.

रानातला धोबी दिसला नाही. अर्धा तास बसले तरी दिसला नाही. काका घड्याळ पाहत होते, निघू या म्हणत होते, तेवढ्यात मोत्याची मान ताठ झाली.

"कुठं?" काकांनी कुजबुजत विचारले. चष्मा घरीच राहिला होता.

"बोलू नका," काकू म्हणाल्या. "त्याच्या नाकाच्या रेषेत पाहा."